पर्जन्यछायेतला पूर आणि घराचा विमा

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत घराच्या विम्याचा विषय काढला, तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते. हा दुष्काळी मुलूख आहे, इथे पुराचा विमा कुणाला हवा? हे उत्तर देणारी माणसे अडाणी नसतात. त्यांत ऊस बागायतदार असतात, निवृत्त शिक्षक असतात, पतसंस्थांचे संचालक असतात. जनावरांचा, ट्रॅक्टरचा आणि मोटारीचा विमा ते नेमाने भरतात. घराचा मात्र भरत नाहीत, आणि न भरण्याची त्यांच्यापाशी कारणे आहेत. मला ती कारणे चुकीची वाटतात. तरीही खोडून काढण्यापूर्वी ती त्यांच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजेत.

त्यांचे म्हणणे असे. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात आणि वर्षाचा सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. १९७२ चा दुष्काळ घराघरांत आठवणीत आहे. चारा छावण्या आणि टँकर तर कालपरवाचे. बारामतीच्या जिरायती पट्ट्यातील गावे अजून पाण्याच्या पाळीची वाट बघतात. चक्रीवादळ हे कोकणाचे संकट, फार तर ओडिशा-आंध्रचे. इथल्या नद्या धरणांनी बांधलेल्या आहेत. त्यातूनही काही घडलेच, तर तलाठी पंचनामा करतो आणि सरकार मदत देते. विमा कंपनी मात्र हप्ता घेते आणि दाव्याच्या वेळी कागद मागत बसते, हे पीकविम्यात सर्वांनी पाहिले आहे. मग तोच पैसा ठिबकला का लावू नये?

युक्तिवाद सुसंगत आहे आणि अनुभवातून आलेला आहे. आता त्याचा एकेक खांब तपासू.

पहिला खांब पर्जन्यछायेचा. सह्याद्री अडवतो ते नैऋत्येकडून येणारे मोसमी वारे. त्यामुळे जून-जुलैत महाबळेश्वर भिजते आणि बारामती तालुक्यातले सुपे कोरडे राहते, हे खरे. पण पूर्वेच्या बाजूला कोणता डोंगर आहे? बंगालच्या उपसागरात उठलेले कमी दाबाचे क्षेत्र आंध्र-तेलंगणातून दख्खनच्या पठारावर सरकू लागले, की सोलापूर-इंदापूरपर्यंत त्याला अडवणारे काहीच नाही. या भागातला मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो, तो याचमुळे. पर्जन्यछाया एका दिशेच्या वाऱ्यापुरती असते. तिला सर्व बाजूंनी चिलखत समजणे ही मूळ चूक आहे.

पुरावा हवा असेल तर ऑक्टोबर २०२० पाहा. बंगालच्या उपसागरातले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र १३ ऑक्टोबरच्या पहाटे काकीनाड्याजवळ जमिनीवर आले. काकीनाडा ते इंदापूर हे अंतर साडेसातशे किलोमीटरांहून अधिक. दुसऱ्या दिवशी, १४ तारखेला, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांवर तेच पाणी कोसळत होते. इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीत पाण्याने वेढलेल्या लोकांना बाहेर काढावे लागले. पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा माणसे दगावली. ती प्रणाली पुढे अरबी समुद्रात उतरली आणि तिथे तिने पुन्हा जोर धरला. सबंध द्वीपकल्प ओलांडून गेलेल्या वादळाला आपण कोकणाचे संकट म्हणायचे?

पश्चिमेकडूनही आता भरवसा देता येत नाही. अरबी समुद्रातले कमी दाबाचे क्षेत्र २४ मे २०२५ रोजी रत्नागिरी आणि दापोली यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. दुसऱ्याच दिवशी बारामती, इंदापूर आणि दौंड तालुक्यांत अतिवृष्टी झाली. निरा डावा कालवा बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ फुटला. काटेवाडीत पाणी घरांत शिरले, कुटुंबांना हलवावे लागले आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. महिना मे होता. पेरण्यासुद्धा व्हायच्या होत्या.

सरासरी पावसाचा आकडा इथे काहीच सांगत नाही. पाचशे मिलिमीटर चार महिन्यांत सावकाश पडले तर विहिरी भरतात. त्यातला पाचवा हिस्सा एका रात्रीत पडला तर भिंती पडतात. घर सरासरीने पडत नाही, एका रात्रीने पडते. उलट कोरड्या प्रदेशातच हा धोका जास्त असतो, कारण ओढ्याचे पात्र वर्षानुवर्षे कोरडे दिसले की ते मोकळी जागा वाटू लागते. मग तिथे आधी गोठा येतो, पुढे पत्र्याची खोली येते, शेवटी स्लॅबचे घर उभे राहते. वाहत्या नदीत कुणी घर बांधत नाही. कोरड्या ओढ्यात बांधतात.

दुसरा खांब धरणांचा. कऱ्हा नदी बारामती शहरातून वाहते. तिच्यावर जेजुरीजवळ नाझरे धरण आहे, त्याची साठवण एक टीएमसीपेक्षाही कमी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने हाहाकार केला, त्याच रात्री पुरंदरात पडलेल्या पावसाने नाझरे भरून वाहू लागले. कऱ्हेत ८५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना हलवावे लागले. एवढ्याशा धरणाने एवढा पूर अडवावा अशी अपेक्षाच चूक आहे. त्याचे बांधकाम त्यासाठी झालेलेच नाही.

मग उजनीचे काय? ११७ टीएमसीचे हे धरण मोठे आहे यात शंका नाही. पण आपली धरणे पाणी साठवण्यासाठी बांधलेली आहेत आणि ती सप्टेंबरअखेर काठोकाठ भरलेली असावीत, अशीच प्रत्येक शेतकऱ्याची मागणी असते. भरलेल्या धरणावर ऑक्टोबरचा पाऊस आला, तर दरवाजे उघडण्यावाचून अभियंत्याच्या हाती काय उरते? निरा नरसिंहपूर पाहा. वीर धरणातून सुटलेले पाणी निरेतून येते, उजनीतून सुटलेले भीमेतून येते आणि दोन्ही तिथे संगमावर भेटतात. दोन्ही धरणांचे विसर्ग एकाच वेळी वाढले तर त्या गावाने कोणत्या धरणाच्या भरवशावर झोपावे? १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर पुण्याने जे पाहिले, तेवढे टोकाचे उदाहरण घेण्याचीही गरज नाही. धरण नीट चालवले तरी पूर येतो, आणि कालवा धरणाच्या खूप खाली फुटतो.

‘माझे घर पूररेषेच्या बाहेर आहे’ असे यावर कुणी म्हणेल. जलसंपदा विभागाची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे आपल्या हयातीत नाही, असा अर्थ सर्रास घेतला जातो. गणित वेगळे आहे. लाल रेषेवरच्या घराला दर वर्षी शंभरात एक इतका धोका असतो. तीस वर्षांत तो धोका एकदा तरी खरा ठरण्याची शक्यता शेकडा २६ होते. निळ्या रेषेवर वीस वर्षांत ती शेकडा ५६ भरते, म्हणजे अर्ध्याहून जास्त. गृहकर्ज वीस वर्षांचे असते हे लक्षात घ्या. शिवाय या रेषा नद्यांच्या असतात. गावातून जाणाऱ्या प्रत्येक ओढ्याची पूररेषा आखलेली नसते, आणि कालव्याच्या फुटीला तर कोणतीच रेषा लागू नाही.

तिसरा खांब सरकारी मदतीचा. हा सर्वांत मजबूत समजला जातो आणि मोजला तर सर्वांत कच्चा निघतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष असे: सपाट भागातील घर पूर्ण पडले तर १ लाख २० हजार रुपये. पक्क्या घराची अंशतः, किमान पंधरा टक्के, पडझड झाली तर ६,५०० रुपये. कच्च्या घराला ४,०००. झोपडीला ८,०००. गोठ्याला ३,०००. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००.

साडेसहा हजार रुपये! बारामती शहरातल्या एका खोलीच्या भिंतींचा ओला गिलावा खरवडून नवा करायचा म्हटले, तरी गवंडी आणि बिगारी यांच्या मजुरीत हे पैसे संपतात. वायरिंग, फ्रिज, गाद्या, धान्याची कोठी, मुलांची पुस्तके यांतले त्यात काय बसेल? आणि पाणी शिरलेली बहुसंख्य घरे पडत नाहीत. ती उभी राहतात, आतून नासतात. म्हणून बहुसंख्य कुटुंबांच्या वाट्याला येते ती खालची रक्कम, वरची नव्हे.

सरकार कधी कधी निकषांपलीकडे जाते, हे मान्य. निसर्ग चक्रीवादळानंतर २०२० मध्ये पूर्ण पडलेल्या घराची मदत दीड लाखांपर्यंत वाढवली. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर ग्रामीण कुटुंबाला दहा हजार आणि शहरी कुटुंबाला पंधरा हजार रुपये दिले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने इंदापूरच्या शेजारचे करमाळा-माढा तालुके बुडाले आणि ऑक्टोबरात राज्याने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण ही वाढ संकटाच्या आकारमानावर ठरते, राज्याच्या तिजोरीवर ठरते, आणि त्या संकटाचा आवाज मुंबईपर्यंत किती पोचला यावरही ठरते. एका गल्लीतली वीस घरे बुडाली तर त्यांच्यासाठी पॅकेज निघत नाही. मदत म्हणजे उभे राहायला दिलेला हात. ती नुकसानभरपाई असल्याचा दावा सरकारनेही कधी केलेला नाही. तलाठ्यावर आणि तहसीलदारावर राग धरण्यात अर्थ नाही. निकषांत जे नाही ते पंचनाम्यात येणार कुठून?

आता चौथा खांब: ‘कंपन्या पैसे देत नाहीत.’ या तक्रारीला मी सर्वांत जास्त मान देतो, कारण तिच्यामागे शेतकऱ्याचा खरा मनस्ताप आहे. पण ज्या अनुभवावर ती उभी आहे तो पीकविम्याचा आहे. पीकविम्यात मुख्य हिशेब महसूल मंडळाचा असतो. पीक कापणी प्रयोगांतून निघालेले मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या खाली गेले तर भरपाई, नाहीतर नाही. त्यामुळे ज्याचे रान पूर्ण गेले त्याच्या हाती काही येत नाही, आणि हा अन्याय त्याला डोळ्यांसमोर दिसतो. घराच्या विम्यात मंडळ नाही, सरासरी नाही, शेजाऱ्याचे घर कोरडे राहिले की ओले झाले याचा संबंध नाही. तुमच्या घराचे नुकसान, तुमचा करार, तुमचा दावा. एका पद्धतीच्या दोषासाठी दुसऱ्या पद्धतीला शिक्षा देणे न्यायाचे आहे का?

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला विकणे बंधनकारक केले आहे. आगीबरोबर वादळ, चक्रीवादळ, पूर, घरात पाणी साचणे, भूकंप आणि भूस्खलन हे सारे तिच्या मूळ संरक्षणातच येते. पुरासाठी वेगळी पॉलिसी घ्यावी लागत नाही. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत, घरातील सामानालाही आपोआप संरक्षण मिळते. विमा रक्कम ठरते ती बांधकामाच्या खर्चावर. जमिनीची किंमत तीत धरायची नसते. बाजारात साठ लाखांना जाणाऱ्या घराचा विमा साठ लाखांचा काढावा लागेल, या समजुतीने जे मागे हटतात त्यांनी हे एकदा तपासावे. चाळीस लाखांच्या बांधकामालाही वर्षाचा हप्ता काही हजारांतच असतो. पॉलिसी दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते. रक्कम थोडी कमी पडली म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात करण्याची जुनी पद्धतही तिने बंद केली; चटईक्षेत्र मात्र खरे सांगितलेले असावे लागते.

दावे अडतात ते बहुधा दुसऱ्या कारणांनी, आणि ती ओळखता येतात. बँकेने कर्जाबरोबर विमा दिला म्हणून घर सुरक्षित आहे असे अनेकांना वाटते. ती पॉलिसी पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याची असते. घर बुडाले तर तिचा उपयोग नाही. पुढे किराणा दुकान किंवा पिठाची गिरणी आणि मागे राहते घर, अशी वास्तू निव्वळ निवासी म्हणून नोंदवली की वाद होणारच. दुकानाच्या भागासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी प्रमाणित पॉलिसी आहे. रोख रक्कम मूळ संरक्षणात येत नाही, दागिन्यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते, गोठ्यातली जनावरे आणि रानातले पीक यांचा विमा वेगळाच. हे आधी वाचले तर नंतरचा अर्धा मनस्ताप टळतो.

तरीही कंपनीने अन्याय केला तर? २०२४ मध्ये नियामकाने स्पष्ट केले की केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा फेटाळता येणार नाही. सर्वेक्षकाच्या आणि निर्णयाच्या मुदती बांधून दिल्या. पुण्यात विमा लोकपालाचे कार्यालय आहे आणि तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही. ग्राहक आयोग आहे. सरकारी मदत कमी मिळाली तर विनंती करता येते. विम्याचे पैसे कमी मिळाले तर हक्काने भांडता येते. या दोहोंतला फरक ज्याचे घर बुडाले आहे त्याने ठरवावा.

जगाकडेही एक नजर टाकू. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीतून पूर वगळलेला असतो. त्यासाठी १९६८ पासून वेगळी राष्ट्रीय योजना आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकले आणि सर्वांत भयंकर पूर आला तो समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरातल्या अ‍ॅशव्हिल शहराच्या परिसरात. तिथल्या फारच थोड्या घरांना पूरविमा होता. आपण किनाऱ्यापासून लांब आणि उंचावर राहतो, वादळ आपल्यापर्यंत येत नाही, हीच त्यांचीही धारणा होती. अमेरिकन घरमालकाला निदान वेगळी पॉलिसी घेण्याचा त्रास तरी सांगता येतो. आपल्याकडे पूर मूळ पॉलिसीतच आहे. मग आपले कारण काय?

एक आक्षेप उरतो, आणि तो खरोखर वजनदार आहे. विमा काढू शकतो तो स्लॅबच्या घरातला. पूर मारतो तो पत्र्याच्या आणि मातीच्या घरातल्याला. प्रस्तावाच्या अर्जात घर पक्के की कच्चे हा प्रश्न असतो आणि कच्च्या घरासाठी कंपन्या हात आखडता घेतात. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा करमुक्त झाले, घराचा विमा झाला नाही. हे सारे खरे आहे आणि त्यावर सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण यातून ‘विमा नको’ हा निष्कर्ष निघतो का? निघतो तो एवढाच, की एकेकट्याने विमा काढणे पुरेसे नाही, समूहाने काढला पाहिजे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाऊस झाला की पंचनाम्यावाचून पैसे देणारा विमा नागालँडसारख्या छोट्या राज्याने स्वतःसाठी घेतला आहे. कागदांची अडचणही कमी होत आली आहे. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग राज्यात पहिल्यांदा झाला तो शेजारच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात. त्या मोजणीतून मिळणाऱ्या मालमत्ता पत्रकाने गावठाणातले घर कागदावर उभे राहते.

आणि समूह तर या दोन तालुक्यांत तयारच आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, निरा-भीमा: हजारो सभासदांचे कारखाने, शिवाय दूध संघ आणि विकास सोसायट्या. बँकेकडे तारण असलेल्या गोदामातल्या साखरेला विम्याचे कवच असते, कारण त्याशिवाय बँक पैसे देत नाही. ती साखर ज्याच्या उसाची, त्याचे घर मात्र उघडे. सभासदाच्या लेखी संमतीने ऊस बिलातून घराचा हप्ता कापावा, ऊसतोड मजुरांच्या आणि भूमिहीनांच्या घरांचा भार कारखान्याने उचलावा, आणि हजारो घरांचा एकत्र प्रस्ताव घेऊन कंपनीशी दराची आणि कच्च्या घरांच्या अटींची घासाघीस करावी. त्यासाठी वार्षिक सभेत ठराव मांडावा लागेल. या सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायच्या असतात, म्हणजे परतीच्या पावसाच्या तोंडावर. ठरावाला विरोध करणाऱ्याने सभेत उभे राहून एवढेच सांगावे, की २०१९, २०२० आणि २०२५ मध्ये ज्यांच्या घरांत पाणी शिरले त्यांना साडेसहा हजारांत काय काय दुरुस्त करता आले असते.